जबडा, कवटी, कान आणि थ्रीडी प्रिंटिंग: पुण्यातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहरा, जबडा, कवटी किंवा कानाच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणतात, "मॉडेल करून घेऊ." आणि मग प्रश्नांची यादी आमच्याकडे येते. आम्ही म्हणजे सीटी स्कॅनवरून मॉडेल आणि गाईड बनवणारी पुण्यातली एक छोटी टीम. मी स्वतः मूळची भोसरीच्या टूलरूममधली. गाड्यांच्या भागांचे नमुने करता करता इकडे वळले. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत, तुमच्या केसचा निर्णय तुमच्या सर्जनचाच.

रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच ना?

व्यवहारात हो. कारखान्यात एखादा भाग साच्यातून काढण्याआधी त्याचा नमुना झटपट हातात यावा म्हणून ही तंत्रं निघाली. चक हल या अमेरिकन इंजिनिअरने १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९८६ मध्ये ते मिळालं. त्याच्या पद्धतीत द्रवरूप रेझिनवर अतिनील प्रकाश पाडून एकेक थर घट्ट करत जातात. नंतर नायलॉनची पावडर लेझरने जोडणारी मशीन आली, आणि प्लास्टिकची तार वितळवून सोऱ्यातून चकली पाडावी तशी थरावर थर घालणारीही आली. शाळा-कॉलेजांत दिसतात ती बहुतेक ही शेवटची. धातूची पावडर लेझरने किंवा इलेक्ट्रॉन किरणांनी वितळवून टायटेनियमचे भाग करणारी मशीन वेगळी, महाग, आणि ती चालवणारे हातही वेगळे.

या सगळ्यांत समान गोष्ट एकच: साचा लागत नाही. कारखान्याला एकसारखे दहा हजार भाग हवे असतात, तिथे साचा परवडतो. माणसाचा जबडा एकच असतो. म्हणून गाड्यांच्या धंद्यात 'नमुन्यापुरतं' असलेलं हे तंत्र शस्त्रक्रियेत थेट कामाला आलं.

म्हणजे ऑपरेशन मशीन करणार का?

नाही. चाकू, करवत, सुई-दोरा सगळं सर्जनच्याच हातात. मशीन फक्त आधी तयारी करून देतं.

मग एवढा खटाटोप कशासाठी? डॉक्टरांना अनुभव असतोच की.

असतो, आणि मॉडेल नव्हतं तेव्हाही उत्तम ऑपरेशनं होत होती. फरक नेमका कुठे पडतो ते खालच्या जबड्याच्या उदाहरणावर सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त काम त्याचंच येतं. तंबाखू-गुटख्याने झालेला तोंडाचा कॅन्सर असो की अमेलोब्लास्टोमासारखी जबड्यातली गाठ, हाडाचा मोठा तुकडा काढावा लागला की तिथे नवं हाड बसवायचं असतं. ते बहुतेक वेळा पायातून घेतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. त्याच्या दोन्ही टोकांना काही सेंटिमीटर हाड तसंच ठेवून मधला भाग त्याच्या रक्तवाहिनीसकट काढला तरी माणूस चालू शकतो. हे हाड रक्तवाहिनीसकट नेण्याची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या इयान टेलर यांनी १९७५ मध्ये मांडली. जबड्यासाठी ते वापरायची पद्धत १९८९ पासून रुळली.

आता अडचण बघा. फिब्युला सरळ काठीसारखी, आणि जबडा वळलेला. त्यामुळे हाडाचे दोन-तीन तुकडे करून, प्रत्येक ठिकाणी पाचर काढून ते वळणावर आणावं लागतं. कोन थोडा जरी चुकला तरी हनुवटी एका बाजूला सरकते, वरचे-खालचे दात जुळत नाहीत, आणि पुढे दात बसवणाऱ्या डॉक्टरांचं काम अवघड होतं. पूर्वी हे कोन टेबलावरच, नजरेने आणि अनुभवाने ठरायचे.

गाईड असलं की ते कोन चार दिवस आधी कॉम्प्युटरवर ठरतात. गाईड म्हणजे नायलॉनचा किंवा रेझिनचा हातात मावेल एवढा तुकडा. आतून तो त्या रुग्णाच्या हाडावर घट्ट बसतो, दुसरीकडे कुठेच बसत नाही. त्यात करवतीचं पातं जाईल एवढ्या अरुंद खाचा असतात आणि स्क्रूसाठी भोकं. सर्जन तो हाडावर स्क्रूने धरतात, खाचेतून करवत घालतात, झालं. सगळ्यात मोलाचं म्हणजे हाड पायातल्या रक्तवाहिनीला जोडलेलं असतानाच हे तुकडे करता येतात. एकदा रक्तवाहिनी तोडली की घड्याळ सुरू होतं: हाड तोंडात नेऊन, मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने गळ्यातल्या रक्तवाहिनीला जोडेपर्यंत त्याला रक्त नसतं. त्या वेळात कोनांचा हिशेब करत बसायला लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आणि नुसत्या साध्या मॉडेलचाही उपयोग असतो. जबड्याची टायटेनियम प्लेट पक्कडीने वाकवून हाडाच्या आकाराला आणावी लागते. रुग्ण बेशुद्ध असताना, गाठीने फुगलेल्या हाडावर ते करणं किचकट. शिवाय प्लेट पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की धातू थकतो आणि पुढे चावताना तिथेच तडा जाऊ शकतो. मॉडेलवर गाठीचा फुगवटा आधीच काढून टाकलेला असतो. सर्जन आदल्या दिवशी शांतपणे प्लेट वाकवतात, ती निर्जंतुक होते, आणि ऑपरेशनला तयार मिळते. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांसाठी हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फायद्याचा वापर आहे. टायटेनियमचे चकाचक इम्प्लांट बातम्यांत येतात, हे येत नाही.

अपघातानंतर भावाच्या कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. तेच परत बसवणार की नवीन?

मेंदूला सूज आली की दाब कमी करायला कवटीचा तुकडा काढतात. तो पोटाच्या कातडीखाली ठेवणं किंवा खोल गोठवून ठेवणं, दोन्ही पद्धती आहेत. सूज उतरल्यावर, साधारणपणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांत, तो परत बसवतात. चांगला असेल तर स्वतःचंच हाड बसवतात आणि ते बहुतेकांना पुरतं.

पण कधी ते हाड शरीर हळूहळू शोषून घेतं, कधी त्यात जंतुसंसर्ग होतो, कधी अपघातातच त्याचे तुकडे झालेले असतात. तेव्हा नवीन भाग लागतो. कवटीच्या चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा घेऊन खड्ड्याच्या कडांशी जुळणारा भाग डिझाइन करतात. तो टायटेनियमचा, पीक नावाच्या पॉलिमरचा किंवा अ‍ॅक्रिलिक बोन सिमेंटचा असतो. सिमेंट स्वस्त पडतं, पण घट्ट होताना ते बरंच तापतं. म्हणून ते मेंदूवर न लावता प्रिंट केलेल्या साच्यात बाहेरच ओतून घेणं चांगलं. २०१८ मध्ये पुण्यात एका लहान मुलीच्या कवटीचा साधारण ६० टक्के भाग असा तिच्या मापाने बनवून बसवला होता, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली.

जाता जाता: आमच्याकडे येणाऱ्या कवटीच्या केसमध्ये दुचाकी फार असते. पुण्यात हेल्मेटविरोधी मोर्चे निघतात हे ठाऊक आहे. आम्ही त्यात पडत नाही. फक्त फाइल उघडतो.

कोविडनंतर काळ्या बुरशीमुळे वडिलांचा वरचा जबडा काढला. आता काही करता येईल का?

२०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अशा कित्येकांचे वरचे जबडे गेले. तोंड आणि नाक एक झालेलं, खाल्लेलं नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. पर्याय तीन-चार आहेत. टाळूचं भोक बुजवणारी, काढता-घालता येणारी ऑब्च्युरेटर कवळी सगळ्यात सोपी. गालाच्या हाडात लांब स्क्रू रोवून त्यावर दात बसवणं, म्हणजे झायगोमॅटिक इम्प्लांट. पायाचं हाड आणून बसवणं. किंवा उरलेल्या हाडांवर पकड घेणारी, त्या रुग्णापुरती बनवलेली टायटेनियमची चौकट.

कुठलाही पर्याय निवडला तरी आधी तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: बुरशी पूर्ण गेलेली आहे, साखर ताब्यात आहे, आणि चौकटीचे स्क्रू ज्या हाडात जाणार ते हाड निरोगी आहे. तिसरी गोष्ट मॉडेलवर छान दिसते असं वाटतं, पण दिसत नाही. प्रिंट केलेलं हाड सगळीकडे सारखंच पांढरं आणि टणक. हाडाची प्रत स्कॅनवरच वाचावी लागते, म्हणून मॉडेल हातात घेऊन नातेवाइकांनी काढलेले निष्कर्ष आम्ही नम्रपणे बाजूला ठेवतो.

मुलाचा एक कान जन्मतः अर्धवट आहे. कान प्रिंट करून लावता येईल का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली, कृत्रिम कान. चांगल्या कानाचा स्कॅन घेऊन त्याची उलटी प्रतिमा करतात, त्याचा साचा प्रिंट करतात आणि त्यात कातडीच्या रंगाशी जुळवलेलं सिलिकॉन ओततात. हा कान चिकटवतात किंवा हाडात बसवलेल्या छोट्या टायटेनियम स्क्रूंवर अडकवतात. दिसायला हुबेहूब. पण ऊन, घाम, तेल यांनी रंग उडतो आणि एक-दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. रंग जुळवणं हे प्रिंटरचं काम नव्हे; त्यासाठी डोळा लागतो आणि दिवसाचा उजेड लागतो.

दुसरी, मुलाच्याच बरगड्यांच्या कूर्चेतून, म्हणजे टोकाच्या लवचिक कार्टिलेजमधून, कान घडवणं. सर्जन सहाव्या ते आठव्या बरगडीजवळची कूर्चा घेऊन कानाचा सांगाडा कोरतात आणि कातडीखाली बसवतात. हा कान कायमचा आणि त्याचाच. यासाठी पुरेशी कूर्चा हवी, म्हणून काही सर्जन सहाव्या वर्षानंतर, काही दहाव्या वर्षापर्यंत थांबतात; छातीचा घेर ६० सेंटिमीटर झाला का, हेही बघतात. मूल चार वर्षांचं असेल तर घाई करू नका. शाळेत चिडवतात म्हणून दडपण येतं, हे समजतं, तरीही.

इथे प्रिंटिंग कुठे येतं? पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, चांगल्या कानावर पारदर्शक एक्स-रे फिल्म ठेवून पेनने बाह्यरेषा काढतात, ती उलटी करून नमुना म्हणून वापरतात. त्यात लांबी-रुंदी मिळते, खोली मिळत नाही. प्रिंट केलेला उलटा कान सर्जनच्या समोर निर्जंतुक पिशवीत ठेवला की कुठली कडा किती उंच हवी ते बोटाने चाचपता येतं. एवढंच. कोरायचं कौशल्य त्यातून येत नाही.

भाजलेल्या चेहऱ्यासाठी मास्क बनवतात तो हाच प्रकार का?

हो, आणि या कामाबद्दल कमी बोललं जातं. भाजल्याचे व्रण जाड होऊ नयेत म्हणून पारदर्शक कडक मास्क दिवसातले बहुतेक तास, महिनोन्‌महिने घालावा लागतो. पूर्वी मास्कसाठी चेहऱ्यावर प्लास्टर ओतून ठसा घ्यायचे. नुकत्याच भाजलेल्या मुलाच्या तोंडावर ओलं प्लास्टर, डोळे मिटलेले, नाकात नळ्या! आता हातात धरायच्या स्कॅनरने चेहऱ्याचा आकार काही मिनिटांत घेता येतो. सीटीची गरज नाही, स्पर्शही नाही. त्यावरून साचा प्रिंट करून त्यावर पारदर्शक शीट गरम करून ओढतात. व्रण दबत जातो तसा मास्कचा आकार बदलावा लागतो, तेव्हा फाइल थोडी सुधारून पुन्हा प्रिंट. व्रण दाबाखाली पांढरा पडतो का ते पारदर्शक मास्कमधून दिसतं, म्हणून तो पारदर्शकच हवा. पांढरा किंवा रंगीत मास्क कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

हे सगळं परदेशी तंत्र. आपल्याकडे कधीपासून आहे?

मशीन परदेशी, कल्पना मात्र पुण्याला नवी नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं होतं. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याचं नाक पुन्हा घडवलं. थॉमस क्रुसो आणि आणखी एका इंग्रज डॉक्टरने ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तेव्हा पेशव्यांच्या पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं.

पत्रातला कामाचा तपशील असा: उरलेल्या नाकाच्या बुडख्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून आधी हवं तसं नाक तयार केलं. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढीच कातडी उचलली, दोन भुवयांमधली कातडीची अरुंद पट्टी जोडलेली ठेवून. कातडी चिकटवायला पाण्यात कालवलेला कात वापरला होता, तो खायच्या पानातलाच. रक्तपुरवठा टिकवणारी ती मधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापली. हे वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तीच शस्त्रक्रिया केली.

रुग्णाच्या मापाचा नमुना आधी शरीराबाहेर बनवायचा, मग त्यावरून कापायचं: आम्ही जबड्याचं गाईड करतो त्यात याहून वेगळं तत्त्व नाही. आम्ही मेणाऐवजी नायलॉन वापरतो, आणि त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं वाईट वाटतं.

सीटी आधीच झालाय, पुन्हा का सांगता?

कारण तो बहुधा आजाराचं निदान करायला काढलेला असतो, पाच मिलिमीटरच्या जाड कापांचा. जाड कापांतून हाड पायऱ्या-पायऱ्यांचं येतं. आम्हाला एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, सलग काप हवेत, आणि यंत्राची चौकट तिरकी न ठेवता. बऱ्याचदा सेंटरच्या सर्व्हरवर पातळ काप शिल्लक असतात, पण ते काही दिवसांनी पुसले जातात. म्हणून नवीन स्कॅनला तयार होण्याआधी सेंटरला फोन करून "थिन स्लाइस आहेत का" एवढं विचारा. पैसे वाचतील आणि किरणंही. किरणांचा धसका घेऊ नका. डोक्याच्या सीटीचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणजे निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतो जवळपास तेवढा. पण लहान मुलाचा स्कॅन विनाकारण दोनदा होऊ नये हे खरंच.

स्कॅनला जाताना नथ, कानातलं, कवळी काढून ठेवा. जबड्याचा स्कॅन असेल तर वरचे-खालचे दात किंचित वेगळे राहतील असं गॉज दातांत धरायला सांगतात. दात चिकटलेले असले तर कॉम्प्युटरवर दोन जबडे एकमेकांत मिसळतात आणि ते हाताने सोडवायला आमची संध्याकाळ जाते. फिब्युला घ्यायची असेल तर पायांचा सीटी अँजिओग्राम, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, वेगळा लागतो. काही जणांत पावलाला मुख्य रक्त त्याच वाहिनीतून जातं जी आपण काढणार असतो. तसं निघालं तर तो पाय सोडावा लागतो.

फिल्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप केले तर चालतील?

नाही. सीडी किंवा लिंक, मूळ डायकॉम (स्कॅन मशीनमधून थेट निघालेल्या) फाइलसकट. फिल्मवरच्या चित्रांत मापं आणि घनतेचे आकडे नसतात.

प्रिंट किती बिनचूक असतो?

प्रिंटर ०.१ मिलिमीटरचे थर घालतो, म्हणून लोकांना वाटतं चूकही तेवढीच. मूळ स्कॅनच जर एक मिलिमीटरचा असेल तर मॉडेल त्याहून शहाणं कसं होणार? त्यातून कॉम्प्युटरवर 'हाड कुठे संपतं' हे घनतेच्या आकड्यावरून आपणच ठरवतो. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, हाड शेकड्यांत. ही रेघ वर-खाली केली की हाड बारीक किंवा जाड होतं. डोळ्याच्या खोबणीचा तळ सगळ्यात दगा देतो: तिथलं हाड कागदासारखं पातळ असल्याने मॉडेलवर भोक पडतं, जे रुग्णात नसतंच. खरं फ्रॅक्चर कुठलं आणि खोटं भोक कुठलं, हे सर्जनसोबत बसून ठरवतो. दातांत चांदी किंवा धातूची कॅप असेल तर स्कॅनमध्ये त्याभोवती चांदणीसारखे किरण पसरतात. त्या भागाला दातांचा प्लास्टरचा ठसा किंवा डिजिटल स्कॅन घेऊन खऱ्या दातांची जोड द्यावी लागते.

नीट काम केलं तर साधारण मिलिमीटरच्या आतबाहेरची चूक धरून चालावं. प्रिंट हातात आल्यावर दोन ओळखीच्या बिंदूंमधलं अंतर स्कॅनवर आणि व्हर्निअरने मॉडेलवर मोजतो. आणखी एक सवय टूलरूममधून आली: प्रत्येक भागावर 'उजवी', 'डावी', केस क्रमांक आणि तारीख प्रिंटमध्येच कोरतो, स्टिकर लावत नाही. आरशातली प्रतिमा वापरणाऱ्या धंद्यात बाजू उलटी होणं किती सोपं आहे, ते विचारू नका.

कॅन्सर आहे. प्रिंटसाठी थांबलो तर उशीर होणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. कॅन्सरमध्ये प्रिंट ऑपरेशनच्या तारखेशी जुळवून घेतो, तारीख प्रिंटसाठी पुढे जात नाही. मॉडेल आणि गाईड काही दिवसांत होतात. टायटेनियमचा भाग बनवून, तपासून, निर्जंतुक होऊन यायला आठवडे लागू शकतात. स्कॅनला बरेच आठवडे झाले असतील तर गाठ वाढलेली असू शकते, आणि जुन्या स्कॅनवरचं गाईड तेव्हा चुकीच्या जागी कापायला लावेल. म्हणून सर्जन थोड्या लांबच्या कापाचीही खाच ठेवायला सांगतात, आणि वेळ आली तर गाईड ट्रेमध्येच ठेवून हाताने कापतात. तसं झालं तर पैसे वाया गेले असं समजू नका. ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा दंडक आहे. सगळं वेळापत्रक त्यावरून मागे मोजायचं.

खर्च किती? योजनेत बसतं का?

साधं मॉडेल काही हजारांत होतं. गाईडसकट पूर्ण प्लॅनिंग त्याहून बरंच जास्त, कारण त्यात इंजिनिअर आणि सर्जनचे तास असतात. त्या रुग्णापुरतं टायटेनियम किंवा पीकचं इम्प्लांट लाखाच्या घरात जातं. कोटेशन घेताना त्यात डिझाइन, निर्जंतुकीकरण आणि बदल लागला तर त्याचा खर्च धरलाय का, हे लेखी घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचं पॅकेज असलं तरी खास मापाचं इम्प्लांट त्यात येईलच असं गृहीत धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखल होतानाच जवळ ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

चाकणला ओळखीच्यांकडे थ्रीडी प्रिंटर आहे. तिथून स्वस्तात करून घेऊ?

बघायला आणि समजून घ्यायला मॉडेल हवं असेल तर जरूर. पुण्याच्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, इतकी मशीन आहेत की प्रिंटची अडचण कधीच नसते. पण ऑपरेशनच्या टेबलावर जाणारी वस्तू वेगळी. साधी पीएलए प्लास्टिकची तार ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, चालतो १२१ किंवा १३४ अंशांवर. आत गेलं जबड्याचं मॉडेल, बाहेर आली वाकडीतिकडी वस्तू, आणि वाकडी झालीय हे प्रत्येक वेळी डोळ्याला दिसेलच असं नाही. त्यामुळे गाईडला नायलॉन किंवा त्यासाठीच प्रमाणित केलेलं रेझिन लागतं, किंवा कमी तापमानाचं गॅस निर्जंतुकीकरण.

शरीरात राहणाऱ्या भागाचा तर प्रश्नच वेगळा. गाडीचा ब्रॅकेट आणि जबड्याची प्लेट एकाच मशीनवर, एकाच पावडरमध्ये काढलेली चालत नाही. पावडर कुठल्या लॉटची, कितव्यांदा वापरलेली, भाग कसा धुतला, याची नोंद लागते. आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र मागतात ते त्यासाठी. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सनुसार असं 'कस्टम मेड' उपकरण डॉक्टरांच्या लेखी प्रिस्क्रिप्शनवर, एकाच रुग्णासाठी बनवायचं असतं. "डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय" यावर आम्ही काम घेत नाही.

टायटेनियम बसवल्यावर एमआरआय करता येतो का? विमानतळावर वाजेल का?

टायटेनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळे एमआरआय बहुधा करता येतो. इम्प्लांटच्या जवळचं चित्र थोडं बिघडतं. एमआरआयच्या आधी सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड दाखवा. विमानतळावर सहसा वाजत नाही, तरी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

धातू हाडापेक्षा मजबूत, मग जास्त टिकेल ना?

मजबुती हा पुष्कळदा तोटाच असतो. टायटेनियमचा मिश्रधातू हाडाहून कितीतरी ताठ. सगळा भार तोच घेतो आणि शेजारचं हाड काम नसल्याने झिजतं. म्हणून आतून जाळी ठेवतात, जी ताठपणा कमी करते आणि हाडाला आत शिरायला जागा देते. पीक ताठपणात हाडाच्या जवळ, पण हाड त्याला तितकं धरत नाही. नेदरलँड्समध्ये २०११ साली एका ८३ वर्षांच्या बाईंना पूर्ण खालचा जबडा टायटेनियम पावडरपासून प्रिंट करून बसवला, त्याचं जगभर कौतुक झालं. पण जिवंत हाड मिळत असेल आणि रुग्ण लांब ऑपरेशन झेपवू शकत असेल, तर बहुतेक सर्जन पायाचं हाडच पसंत करतात. रेडिएशनने पातळ झालेल्या कातडीखाली धातू उघडा पडायची भीती असते. रक्तपुरवठा असलेलं हाड तिथे जास्त सोशिक.

नाक सरळ करायचंय. आधी प्रिंट करून दाखवाल का, नक्की असंच होईल?

दाखवू शकतो, हमी देऊ शकत नाही. हाड कापल्या मापाने राहतं. कातडी, सूज आणि व्रण आपल्या मर्जीने वागतात. नुसत्या सौंदर्याच्या ऑपरेशनला प्रिंटची गरज फार वेळा नसतेच. साधं फ्रॅक्चर, छोटी गाठ, नुसती कातडीची पुनर्रचना, यांनाही नसते. डॉक्टर नको म्हणाले तर ते मागासलेले आहेत असं समजू नका.

जिवंत पेशींचा कान, हाड प्रिंट होतं म्हणे?

प्रयोग चालू आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींपासून प्रिंट केलेला कान तिला बसवल्याचं एका कंपनीने जाहीर केलं. तो संशोधनाचा भाग होता. हाडात अडचण रक्तवाहिन्यांची आहे: आकार प्रिंट होतो, आत रक्त पोचवणारं जाळं अजून तसं होत नाही. यासाठी मुलाचं ऑपरेशन लांबवू नका, आणि 'स्टेम सेलचा कान' विकणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नका.

ऑपरेशन झाल्यावर मॉडेल आम्हाला मिळतं का?

मागितलं तर बहुधा मिळतं. ऑपरेशनच्या खोलीत गेलेलं असेल तर रुग्णालयाच्या नियमानुसार. काही सर्जन शिकवण्यासाठी ठेवून घ्यायची परवानगी मागतात. द्यायची की नाही हे तुमच्यावर, नावाचं लेबल मात्र काढून घ्या. डायकॉमची सीडी नक्की परत मागा, कारण पुढे दात बसवणाऱ्या डॉक्टरांना ती लागेल. मॉडेल उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.